पाऊस हाती नाही, शिवार हाती आहे

(नागपूर जिल्ह्यातील कोरडवाहू कास्तकारांच्या जरीपटका येथील बैठकीत केलेले भाषण)



काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, हिंगणा, उमरेड, भिवापूर अशा तालुक्यांतून घरची कामे बाजूला ठेवून तुम्ही जरीपटक्यात आलात. ही वस्ती फाळणीनंतर सिंधमधून सगळे मागे टाकून आलेल्या लोकांनी वसवली. इथल्या बाजारात कोणत्याही दुकानात शिरा आणि विचारा, काल माल किती आला, किती विकला, उधारी किती राहिली. दुकानदार वही उघडून सांगेल. वही नसती तर ही दुकाने पिढ्यान् पिढ्या टिकली नसती.

आता आपल्याकडे पाहू. आपला सर्वांत मोठा माल आभाळातून येतो. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे एक लाख लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरचे दहा टँकर. भाडे नाही, दलाली नाही, थेट वावरात पोच. पण गेल्या हंगामात तुमच्या वावरात असे किती टँकर आले, किती मुरले आणि किती नाल्याने निघून गेले, असे विचारले तर या सभेत वही काढणारे किती निघतील? 'यंदा पाणी बरं होतं' नाही तर 'यंदा पाण्यानं मारलं', एवढीच आपली नोंद.

आज हवामान बदलावर बोलायचे आहे. या विषयावर मोठमोठ्या परिषदा होतात, देशादेशांत करार होतात. त्यांचे काय व्हायचे ते होवो. मृगाला पेरायचे की थांबायचे, हे त्या परिषदेत ठरत नाही. ते तुमच्या गावात ठरते. म्हणून आम्ही आज गावाच्या पातळीवर काय करता येईल एवढेच मांडणार आहोत. आमचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: बदललेल्या पावसाला एकटा कास्तकार तोंड देऊ शकत नाही, पण सगळे शिवार एकत्र आले तर बऱ्याच अंशी देऊ शकते.

आभाळात काय बदलले?

पाऊस कमी झाला असे आपण म्हणतो. खरे दुखणे वेगळे आहे. पाऊस पडायची रीत बदलली आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. जास्त बाष्प धरलेली हवा पडते तेव्हा कोसळते आणि मध्ये उघडीप लांबते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे त्यात दिसले. मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र वाढलेली नाही. म्हणजे तोच माल, पण चार महिने थोडा थोडा येण्याऐवजी चार दिवसांत अंगावर टाकला जातो.

लांब जायला नको. २०२३ चा हंगाम आठवा. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पऱ्हाटी माना टाकून उभी होती. आणि त्याच हंगामात २३ सप्टेंबरला पहाटे याच नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. एकाच हंगामात दुष्काळही आणि पूरही. सरासरी काढली तर कागदावर सगळे ठीक दिसते. पीक मात्र सरासरीवर जगत नाही.

एका गावात दोन हवामाने

आम्ही कृषी महाविद्यालयात जे शिकलो आणि पुढे वावरात उतरून जे पाहिले, त्यातला सर्वांत उपयोगी हिशेब सांगतो. पाऊस थांबल्यावर पीक जमिनीत साठलेल्या पाण्यावर जगते. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाच्या कामी येईल असे दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी साठू शकते. वीतभर माती आणि खाली मुरूम असलेल्या बरड जमिनीत तीस-चाळीस मिलिमीटरच्या पुढे साठत नाही. भर वाढीतले पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी ओढते. आता भागाकार करा. बरडावरचे पीक आठ-नऊ दिवसांत कोमेजू लागते. भारी जमिनीतले महिनाभर दम काढते.

वीस दिवसांचा खंड पडला तर एकाच गावात एकाचे वावर हिरवे राहते आणि दुसऱ्याचे वाळते. आभाळ दोघांवर सारखेच होते. म्हणून 'विदर्भासाठी अमुक वाण लावा, तमुक करा' असा सरसकट सल्ला देणाऱ्यापासून सावध राहा. आधी विचारा, कोणत्या वावरासाठी?

नागपुरातच अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे, वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. दोन्ही १९७६ सालापासून. त्यांचे नकाशे आणि वाण कामाचे आहेत, ते घ्यायलाच हवेत. पण तुमच्या शिवारात माती कुठे किती खोल आहे, हे तुमच्या विहीर खोदणाऱ्याला आणि बैल हाकणाऱ्याला ठाऊक आहे. गावाचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावा आणि त्यावर तीन रंग भरा: भारी, मध्यम, हलकी. एका संध्याकाळचे काम आहे. हलक्या रंगावर लांब मुदतीची कपाशी लावायची नाही, एवढे एक ठरले तरी खूप झाले. १६०-१८० दिवसांचा संकरित वाण बरडावर ऑक्टोबरात बोंडे भरायच्या वेळी उपाशी पडतो. तिथे लवकर येणारा, आटोपशीर वाढणारा सरळ वाण किंवा देशी कपाशी दाट लावलेली बरी. सरळ वाणाचे बी घरचे ठेवता येते. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने कास्तकाराला आपले बी राखण्याचा आणि देवघेवीचा हक्क दिलेला आहे, हेही ध्यानात असू द्या.

पेरणीची घाई

पहिला पाऊस पडला की गावात तिफण निघते. शेजाऱ्याने पेरले, आपण मागे राहिलो तर? मजूर मिळाले नाही तर? ट्रॅक्टर दुसऱ्या गावाला गेला तर? या भीतीपोटी वीस-पंचवीस मिलिमीटरवर बी मातीत जाते. मग पंधरा दिवस उघडीप, आणि दुबार पेरणी.

हिशेब करू. २०२५ च्या हंगामात बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. एकरी दोन पाकिटे धरली तर पाच एकराला नऊ हजार दहा रुपये. हे फक्त बियाण्याचे. त्यावर सरत्यामागची मजुरी, खत, पुन्हा वखरणी. आणि दुसऱ्यांदा पेरायला पैसा बँक देत नाही, सावकार देतो. आपल्या कर्जाची सुरुवात किती तरी घरी या जूनमधल्या पंधरा दिवसांतच झालेली आहे.

कृषी खाते दर वर्षी सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. सल्ला बरोबर आहे. पण ७५ मिलिमीटर झाला हे कळणार कसे? महसूल मंडळातले स्वयंचलित केंद्र तुमच्या वावरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर असते. मृगाचा पाऊस तर असा की रस्त्याच्या या बाजूला चिखल आणि त्या बाजूला फुफाटा. शिवाय यंत्र म्हणजे देव नव्हे. २०२४ च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले. देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानेच सांगितले की यंत्रात बिघाड होता. शेजारी दुसरी यंत्रे होती म्हणून ती चूक पकडता आली. तुमच्या मंडळातले यंत्र चुकले तर ते पकडायला तुमच्याजवळ काय आहे?

म्हणून पहिले काम: गावात स्वतःचे पर्जन्यमापक. शिवार मोठे असेल तर दोन-तीन. विकत आणले तर उत्तम. नाही तर तळ सपाट आणि कडा सरळ उभ्या असलेला डबा उघड्यावर पक्का बसवा, झाडापासून आणि भिंतीपासून दूर. रोज सकाळी साडेआठला फूटपट्टीने पाणी मोजा, मिलिमीटरमध्ये वहीत लिहा, डबा रिकामा करा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. शून्य लिहिणे महत्त्वाचे, कारण खंड किती दिवसांचा पडला हे त्या शून्यांवरूनच कळते. हे काम बचत गटातल्या बहिणींकडे द्यावे असे आम्ही सुचवतो. आणि आकडा पंचायतीच्या फळ्यावर रोज लागला पाहिजे. बेरीज ७५ ला पोचली, वीतभर खोल ओल दिसली, की गावाने पेरायचे. एकटा थांबतो तेव्हा त्याला शेजारच्या तिफणीची भीती वाटते. गाव थांबले तर ती भीती राहत नाही.

पाणी धुरा मानत नाही

दुसरे काम वावरातले. आपल्या काळ्या जमिनीची गंमत अशी की उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पहिले पाणी घटाघटा पिते. भेगा मिटल्या की तिचे तोंड बंद होते. मग तासाभरात पन्नास मिलिमीटर पडले तर बहुतेक पाणी वरून वाहून जाते आणि जाताना वरची कसदार माती नेते. हे अडवायला मोठा खर्च लागत नाही.

उतारास आडवी पेरणी करा. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या पाडा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ही जुनी शिफारस आहे. बैलजोडीचे काम, खर्च दोरीचा. जास्त पाऊस झाला तर सरीतून सावकाश निचरा होतो, कमी झाला तर सरीत मुरतो. सोयाबीन, तूर, हरभरा घेणाऱ्यांसाठी रुंद वरंबा सरीचे यंत्र आहे. काळ्या जमिनीसाठी ही पद्धत हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने बसवली. पऱ्हाट्या आणि कुटार धुऱ्यावर पेटवणे बंद करा. बारीक करून जमिनीत गाडा किंवा कंपोस्ट करा. सेंद्रिय पदार्थ वाढला की माती पाणी जास्त धरते आणि तिचे तोंड लवकर बंद होत नाही. यवतमाळचे सुभाष शर्मा यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. पाणी वावरातच मुरवणे, झाडे, गुरे आणि घरचे बी यांवर ते किती तरी वर्षे भर देत आले आहेत. तेही कापसाच्याच जिल्ह्यातले.

मग हे सगळीकडे का होत नाही? कास्तकार अडाणी आहे म्हणून नव्हे. वाटण्या होऊन वावरांचे लांब पट्टे झाले आहेत आणि बरेचसे पट्टे उताराच्या दिशेने आहेत. तीस-चाळीस हात रुंदीच्या पट्ट्यात आडवे तास धरले तर बैल वळवता वळवता दिवस जातो. आणि वरच्या कास्तकाराने पाणी एका बाजूला काढले की ते खालच्याच्या पेरणीवर येते. मग धुऱ्याचे भांडण, मग पोलीस पाटील, मग कोर्ट. पाणी धुरा मानत नाही, आपण मानतो. म्हणून हे काम सात-बाऱ्याप्रमाणे होत नाही, उताराप्रमाणे होते. एका उतारावरच्या दहा-पंधरा घरांनी एकत्र बसावे, वरून खाली पाणी कुठून न्यायचे आणि कुठे सोडायचे हे ठरवावे, आणि तसा कागद करावा. कागदावर सह्या झाल्या की भांडण अर्धे मिटते.

शेततळ्याचेही तेच. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल शेततळ्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. पन्नास मिलिमीटरचे एक संरक्षित पाणी द्यायला एकरी दोन लाख लिटर लागते. बाष्पीभवन आणि झिरप वजा जाता पाच-सात एकराचे पीक एका खंडातून वाचते. पण ते तळे वाहत्या पावसाने भरले पाहिजे. बोअरचे पाणी उपसून तळे भरायचे, म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी आपल्या प्लास्टिकवर आणून उन्हाला वाळत घालायचे.

ज्वारी का गेली?

एके काळी कापूस आणि ज्वारी ही वऱ्हाड-नागपूरची जोडी होती. माणसाला भाकर, जनावराला कडबा, जमिनीला फेरपालट. १९९० नंतर सोयाबीन पसरले आणि ज्वारी हटत गेली. आज कितीक गावांत हुरड्यापुरतीही ज्वारी नाही. कडबा नाही म्हणून बैल विकले, बैल नाहीत म्हणून शेणखत नाही, शेणखत नाही म्हणून माती पाणी धरत नाही. ही साखळी नीट पाहा. हवामान बदलाचा फटका जोरात बसतो तो या तुटलेल्या साखळीमुळे.

ज्वारी ताण सोसते. पाणी तुटले की वाढ थांबवून गप्प बसते, पाणी आले की पुन्हा चालू लागते. विद्यापीठाची एक शिफारस जुन्या जाणत्यांना आठवत असेल: कपाशीच्या सहा ओळी, ज्वारीची एक, तुरीच्या दोन, पुन्हा ज्वारीची एक. पऱ्हाटी फसली तर तूर हाती येते, दोन्ही फसले तर भाकर आणि कडबा तरी घरात येतो. ज्वारीवर ढालकिडे वाढतात आणि ते कपाशीवरचा मावा खातात. कणसावर बसणारे पाखरू अळ्याही टिपते.

पण भावांनो, 'ज्वारी लावा' हा उपदेश करणाऱ्यांत आम्ही नाही. ज्वारी का गेली हे आधी बोलले पाहिजे. परतीच्या पावसात दाणा काळा पडतो आणि व्यापारी अर्ध्या भावाने मागतो. कापणी-मळणीला मजूर लागतो. आणि रानडुकरे. पंचवीस वावरांत एकाने ज्वारी पेरली तर गावची सगळी पाखरे आणि रानातली सगळी डुकरे त्याच्याच वावरात उतरतात. त्या कास्तकाराने पुढच्या वर्षी ज्वारी सोडली, तर त्याला दोष कसा द्यायचा? उपाय पुन्हा शिवाराचाच. एका पट्ट्यात दहा घरांनी मिळून ज्वारी धरली तर नुकसान वाटले जाते आणि जागलीच्या पाळ्या लावता येतात. बाजारासाठी नंतर पाहू. आधी घरच्या भाकरीपुरती आणि गोठ्यापुरती. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला. जाहीर झालेला भाव आणि हातात पडलेला भाव यांतले अंतर तुम्हांला आम्ही सांगायला नको. ते अंतर बुजले, खरेदी केंद्र वेळेवर उघडले, तर ज्वारी आपल्या पायाने परत येईल.

कपाशीबद्दल एकच सांगतो. डिसेंबरात वावर मोकळे करा, फरदड ठेवू नका. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने राज्यभर काय केले ते आपण भोगले आहे. पण इथेही एकाने फरदड काढली आणि शेजाऱ्याने ठेवली तर अळी धुरा ओलांडून येतेच. गावाची तारीख एक असली पाहिजे.

गावाचा ताळेबंद

हे गावाने मिळून करणे जमते का? जमलेले आहे. नगर जिल्ह्यातले, आता अहिल्यानगर म्हणतात, हिवरे बाजार बहुतेकांनी ऐकले आहे. आपल्याकडे हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे त्याच्या निम्माही भरवशाचा नाही. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने डोंगरउतारापासून पाणी अडवले. आणि त्याहून मोठे काम म्हणजे, दर वर्षी पावसाचा आणि विहिरींचा हिशेब ग्रामसभेसमोर ठेवून त्यावर पिके ठरवायची रीत पाडली. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही, असे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. त्यांची पिके वेगळी, जमीन वेगळी. आपण त्यांचे पीक घ्यायचे नाही, त्यांची वही घ्यायची.

सरकारी पातळीवर जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, आपण ज्याला पोकरा म्हणतो. मराठवाडा, जळगाव आणि आपल्या बाजूचे अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा हे जिल्हे त्यात होते. दुसऱ्या टप्प्यात नागपूर जिल्हाही आला आहे. या प्रकल्पात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समिती नेमण्याची तरतूद आहे. ही चांगली गोष्ट आहे, तिचा उपयोग करून घ्या. पण डोळे उघडे ठेवा. वैयक्तिक लाभाच्या बाबींत आधी कास्तकाराने खर्च करायचा आणि अनुदान मागून खात्यावर यायचे, अशी पद्धत आहे. ज्याच्याजवळ आधीच पैसा आणि विहीर आहे त्याला ठिबक, शेडनेट मिळते. बरडावरचा कोरडवाहू यादीत मागे राहतो. म्हणून समितीत कोरडवाहू घरांची आणि बायांची माणसे बसली पाहिजेत, आणि आराखड्यात उतारावरची सार्वजनिक कामे वर आली पाहिजेत.

जलयुक्त शिवारचा धडा विसरू नका. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या त्या अभियानावर ९,६०० कोटींहून जास्त रुपये खर्च झाले आणि भूजल वाढण्यावर परिणाम थोडाच दिसला, असे महालेखापरीक्षकांनी २०२० साली लिहिले. काही गावांना त्याचा फायदा झाला, हेही खरे. फरक कुठे पडला? जिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले तिथे पाणी टिकले. जिथे फक्त नाल्यात पोकलेन उतरला तिथे बिल निघाले आणि पुढच्या पावसात वरची माती येऊन नाला पुन्हा भरला. बिल कोणाच्याही नावाने निघो, मोजमाप गावाने घेतले पाहिजे.

आपले काय, त्यांचे काय

कोणी म्हणेल, हवामान आम्ही बिघडवले का? या जरीपटक्याच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रे आहेत. कोळसा तिथे जळतो, वीज शहरांना आणि कारखान्यांना जाते, आणि आमच्या पंपाला रात्रीची पाळी येते. श्रीमंत देशांनी शंभर-दीडशे वर्षे धूर सोडला आणि उघडीप आमच्या बरडावर पडली. हे सगळे खरे आहे. म्हणूनच आपण जे करणार ते उपकाराच्या भावनेने नाही, आणि प्रायश्चित्त म्हणूनही नाही. आपले पीक वाचावे म्हणून करणार आहोत.

आणि जे आपले नाही ते आपण अंगावर घ्यायचे नाही. पीक विम्याचे पाहा. २०२३ साली एक रुपयात विमा आला, २०२५ च्या खरिपात तो गेला. हप्ता पुन्हा कास्तकारावर आला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर बांधली गेली. पावसाच्या खंडाने किंवा ढगफुटीने एका गावाचे पीक गेले आणि मंडळाची सरासरी बरी निघाली, तर त्या गावाने काय करायचे? आपली पावसाची वही दाखवली म्हणून दावा आपोआप मंजूर होणार नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण पंचनाम्याच्या वेळी, तहसीलदारापुढे, तालुका समितीपुढे रोजच्या तारखांची सही-शिक्क्याची वही असणे आणि नुसते तोंडी सांगणे, यांत फरक पडतो. आणि नागपूर जिल्ह्यातल्या शंभर गावांच्या वह्या एकत्र झाल्या, तर मंडळाऐवजी गाव हे एकक धरा, ही मागणी नुसती घोषणा राहणार नाही.

भावाचेही तसेच. आपण सऱ्या पाडाव्यात, ज्वारी-तूर लावावी, फरदड सोडावी, आणि सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केले तसे ऐन हंगामाच्या तोंडावर कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवावे. मग वावरात वाचवलेले बाजारात जाते. माती सुधारायला पैसा लागतो आणि तो पिकाच्या भावातूनच येतो. शासनाला कोरडवाहू शेती हवामानात टिकायला हवी असेल, तर आधी ती हिशेबात टिकू द्यावी लागेल.

हल्ली कार्बन क्रेडिटचे करार घेऊनही माणसे गावात येतात. काही करार बरे असतील. पण मुदत किती वर्षांची, मोजणार कोण, पैसे कधी आणि किती, करार मोडला तर दंड कोणावर, हे मराठीत लिहून मिळाल्याशिवाय आणि ग्रामसभेत वाचल्याशिवाय कोणी अंगठा उठवू नये.

करायचे काय?

भाषण ऐकून टाळ्या वाजवून गेलो असे होऊ नये. १ मेच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने पुढील ठराव मांडावेत.

पहिला: मृगापूर्वी गावात पर्जन्यमापक बसवणे, रोजची नोंद ठेवणे, आकडा फळ्यावर लावणे.

दुसरा: माती खोलीचा तीन रंगांचा नकाशा पंचायतीत लावणे, हलक्या जमिनीसाठी पीक आणि वाण वेगळे ठरवणे.

तिसरा: ७५ मिलिमीटरच्या आत शिवारात कपाशीची तिफण न काढणे.

चौथा: प्रत्येक उतारावरच्या घरांचा गट करणे, पाणी वाटेचा कागद करणे, आणि त्यानुसार बांध, सऱ्या, शेततळ्यांची कामे रोजगार हमी व अन्य योजनांतून मागणे.

पाचवा: निदान एका पट्ट्यात कपाशीबरोबर ज्वारी-तूर धरणे, जागलीच्या पाळ्या लावणे, आणि कपाशी उपटण्याची एक तारीख ठरवणे.

पाचही एकदम जमले नाहीत तर पहिला आणि तिसरा तरी करा. त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही, निधीची वाट पाहायची नाही. एक डबा, एक फूटपट्टी, एक वही आणि गावाचा शब्द, एवढेच लागते.

दिवाळीनंतरच्या जिल्हा बैठकीला येताना गावोगावच्या वह्या सोबत आणा. कोणत्या गावात किती दिवसांचे खंड पडले, कुठे दुबार पेरणी टळली, कुठे सरीने पीक वाचले आणि कुठे नाही वाचले, हे आपण आकड्यांनिशी मांडू. त्या वह्यांवरूनच पुढचा कार्यक्रम आणि पुढची मागणी ठरेल.